ट्रक बघायला येणारी माणसं

“हिला कॉफी म्हणायचं म्हणजे कॉफीची बदनामी आहे रे. आणि पिऊन झाल्यावर वर ‘वा’ म्हणायचं! माणसाने सोसायचं तरी किती?”

सोमवारी सकाळी हे उद्गार आर्डिस टॉलेफ्सनच्या कानांवर पडले तेव्हा ती पेट्रोलपंपाच्या दुकानात, वेफर्सच्या मांडणीआड, दूध घेऊन उभी होती. चोरून ऐकत नव्हती. सत्तावीस वर्षं पोस्टाच्या खिडकीत बसलेल्या बाईला चोरून ऐकावं लागत नाही, गोष्टी आपणहून तिच्याकडे चालत येतात. मांडणीच्या पलीकडे ऑरिन बाक्के आणि गावचा मेयर गेरहार्ट हातात कागदी पेले धरून उभे होते. उभेच होते, कारण बसणार कुठे? मुख्य रस्त्यावरचा कॅफे बंद पडून चार वर्षं झाली होती आणि तेव्हापासून आमच्या हेगस्टॅड गावात बसून कॉफी प्यायची सोय म्हणून उरली नव्हती. गाव दोनशे चौदा माणसांचं. त्यातही एक कॉलेजला गेलाय, पण त्याची आई त्याला वेशीवरच्या पाटीतल्या आकड्यातून कमी करू देत नाही.

आर्डिसला अगदी भरून आलं. उत्तर डकोटाच्या थंडीत जन्म काढलेली ही माणसं आणि यांच्या नशिबी पंपावरच्या यंत्रातलं हे पाणी! आपल्या हातची मिळाली असती तर, असं तिच्या मनात आलं आणि ते तिथेच ठाण मांडून बसलं.

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे घोटाळा नको. तो कॅफे आर्डिसला स्वतःला चालवायचा होता. पोस्टाची खिडकी दिवसाला दोन तासांवर आली आणि ती घरी बसली तेव्हापासून. दूध आणायला जाताना ती रोज कॅफेच्या काचेला कपाळ टेकून आत बघायची. खजुराच्या वड्यांचे ट्रे कुठे, गल्ला कुठे, पडदे कुठले, सगळं ठरलेलं होतं. काचेवर बरोबर तिच्या उंचीला एक तेलकट डाग पडला होता. गावाला तो कुणाच्या कपाळाचा हे ठाऊक होतं, पण विषय कुणी काढला नव्हता.

कारण ‘मला हवंय’ म्हणणं आणि कपडे न घालता टपालपेटीपर्यंत जाऊन येणं, यांत आमच्याकडे फारसा फरक करत नाहीत. रीत अशी की, कुणी काही देऊ केलं तर पहिल्यांदा ‘छे छे’ म्हणायचं, दुसऱ्यांदा ‘कशाला उगाच’, आणि तिसऱ्यांदा विचारल्यावर ‘आता एवढं म्हणताय तर’ असं पुटपुटत घ्यायचं. पहिल्याच हाकेला हो म्हणणारा माणूस एकतर परगावचा असतो नाहीतर उपाशी. तेव्हा प्रश्न एवढाच होता, की आपण न सांगता गावाने आपल्याला तीनदा विचारावं, असं काय करावं?

घरी येऊन तिने नवऱ्याला सांगितलं, “डेल्मर, या गावाचं काहीतरी करायला हवं.”

डेल्मरने बशीतलं अंडं संपवलं, कॉफीच्या भरलेल्या कपाकडे एकदा बघितलं आणि म्हणाला, “जरा ट्रक बघून येतो.”

डेल्मरचा हा रोजचा शिरस्ता. न्याहारी झाली की गॅरेजमध्ये ट्रक बघायला जायचं. चौतीस वर्षांत तीन ट्रक बदलले, बघणं बदललं नाही. थोड्या वेळाने ऑरिन यायचा, मग गेरहार्ट, मग आणखी दोघं-तिघं. तास-तासभर दार ओढून सगळे ट्रक बघायचे. पुरुषांना यंत्रांची ओढ असते, असं आर्डिस समजून होती. वर कौतुकाने शेजारणीला सांगायचीही, “आमच्याकडच्या ट्रकला काही ना काही चालूच असतं बाई.” शेजारीण मर्टिस, म्हणजे ऑरिनचीच बायको, अशा वेळी आभाळाकडे बघून पावसाचा विषय काढायची.

आर्डिस गेरहार्टकडे गेली. गेरहार्ट मेयर कसा झाला ते थोडक्यात सांगते: निवडीच्या सभेत नेमका तोच बाथरूमला गेला होता. तो म्हणाला, “कॅफेची इमारत गावाच्याच नावावर आहे. पण छप्पर गळतंय, दाराशी पायरी आहे, तिथे चाकाच्या खुर्चीसाठी उतार बांधावा लागेल. जिल्हा कचेरीला विचार.”

जिल्हा कचेरीतल्या बाईंनी फोनवर सांगितलं, की एका इमारतीसाठी मदत नसते. संपूर्ण गावाचा पुनरुज्जीवन आराखडा असेल, त्यात लोकांचा सहभाग असेल, त्या सहभागाचा पुरावा असेल, तर एखादी इमारत त्यात बसते. म्हणजे एक दात दुखतोय म्हटल्यावर दंतवैद्याने आधी सगळं गाव बोलावून आणा म्हणावं, तसं. अर्ज एक्केचाळीस पानांचा होता. एकविसाव्या पानावर ‘हे पान जाणूनबुजून कोरं ठेवलं आहे’ असं छापलं होतं. आर्डिसला अख्ख्या अर्जात तेवढंच एक पान समजलं.

समिती झाली. अध्यक्ष कोण? सगळ्यांनी आर्डिसला तीनदा विचारलं आणि ती रीतसर अध्यक्ष झाली. यावरून तिला वाटलं, की गावाला विचारता येतं, फक्त संधी हवी. बिचारी!

अर्जाचं पहिलं कलम होतं, वीस वर्षांनी तुमचं गाव कसं असेल ते एका वाक्यात लिहा.

“वीस वर्षांनी मी मेलेली असेन,” मर्टिस म्हणाली. “तेवढं लिही.”

“अगं, गावाबद्दल लिहायचंय.”

“मग त्यात मी मेलेली नाही का येत?”

दोन तासांच्या खलानंतर वाक्य ठरलं: ‘हेगस्टॅड हे एक बऱ्यापैकी गाव असेल.’ त्यावरही ऑरिनने हरकत घेतली, की ‘बऱ्यापैकी’ जरा बढाई मारल्यासारखं वाटतं, शेजारच्या गावांना काय वाटेल? शेवटी ‘असेल’च्या जागी ‘असावं’ आलं आणि सगळ्यांच्या जिवात जीव आला.

मग कचेरीने सल्लागार पाठवला. प्रुइट त्याचं नाव, मूळचा न्यू जर्सीचा, पन्नाशीचा, बुटांना माती लागली की थांबून पुसणारा. मोठ्ठे नकाशे आणि हिरव्या टिकल्यांचे कागद घेऊन तो ऑगस्टमधल्या एका रविवारी आमच्या चर्चच्या तळघरात दाखल झाला. प्रार्थना झाली की आलेले सगळे तिथे कॉफीला उतरतातच, त्यामुळे लोकसहभाग आयता मिळाला. कॉफी अर्थात आर्डिसची. बावीस वर्षं चर्चची कॉफी तिच्याकडेच आहे. चाळीस कपांच्या किटलीला दोन चमचे पूड, हे प्रमाण तिच्या आईने दुष्काळात ठरवलं होतं आणि दुष्काळ संपल्याचं त्या घराला कुणी कळवलं नव्हतं. लोक कप घेत, एक घोट घेत आणि म्हणत, “वा आर्डिस, मस्त गरम आहे हं!” ती लाजून म्हणे, “छे, काहीतरीच.”

प्रुइटने भिंतीवर आठ प्रस्ताव लावले. कॅफे, बाग, बाकडी, जुनं सिनेमागृह, रस्त्याची शोभा, आणखी दोन किरकोळ कामं, आणि आमच्या शेतांत पिकणाऱ्या शुगरबीटचा, म्हणजे साखरेच्या पांढऱ्या कंदाचा, वीस फुटी फायबरचा पुतळा, म्हणजे हमरस्त्यावरून जाणाऱ्या गाड्या तो बघायला थांबतील. चित्रातला तो पांढरा बीट हुबेहूब उपटलेल्या दाढेसारखा दिसत होता. मर्टिस बराच वेळ चित्रापुढे उभी राहिली आणि म्हणाली, “वेगळंच आहे हं.” आमच्याकडे यापेक्षा कडक शिवी नाही. प्रुइटने वहीत लिहून घेतलं, ‘लोकांना वेगळेपण आवडलं.’

प्रत्येकाला आठ टिकल्या मिळाल्या. “जे हवं तिथे लावा. एकाच ठिकाणी आठही लावल्या तरी चालेल,” प्रुइट म्हणाला.

हे ऐकून काही बायकांनी मान खाली घातली. आठही एकाच ठिकाणी! जणू जेवणाच्या रांगेत सगळ्यांसाठी भाजून आणलेली अख्खी हॉटडिश आपल्याच ताटात ओतून घ्या म्हणतोय. आर्डिसने आधी सात टिकल्या सात प्रस्तावांना लावल्या, शेवटची कॅफेला लावली, आणि फार उत्सुकता दिसू नये म्हणून थोडी तिरकी लावली.

मोजणी झाली. हजर माणसं सेहेचाळीस. बाग सेहेचाळीस. बाकडी सेहेचाळीस. बीट सेहेचाळीस. कॅफे सेहेचाळीस.

प्रुइटने चष्मा काढून पुसला आणि पुन्हा मोजलं. “प्रत्येकाने प्रत्येकाला एक?”

“म्हणजे कुणाला वाईट वाटायला नको,” गेरहार्टने समजावलं.

“कुणाला? बाकड्यांना?”

यावर सगळ्यांनी वड्यांच्या ट्रेकडे मान वळवली. तेवढ्यात ट्रेमध्ये आर्डिसच्या खजुराच्या वड्यांतली एक उरली होती. या वड्यांच्या बाबतीत मात्र गावात दुमत नाही, त्यांच्यासाठी शेजारच्या गावचे लोक धर्म बदलून आमच्या चर्चला येतात. पण शेवटची वडी आमच्याकडे कुणी घेत नाही. जो येतो तो तिचे दोन तुकडे करतो आणि एक घेतो. पुढचा उरलेल्याचे दोन करतो. प्रुइट जाईपर्यंत ट्रेमध्ये टपाल तिकिटाएवढा तुकडा होता आणि मर्टिस सुरी घेऊन त्याचा मध्य शोधत होती.

सप्टेंबरात प्रुइटने सुचवलं, की रस्त्याची शोभा आधी करून बघू. मुख्य रस्त्याच्या दोन्ही बाजूंना फुलांची बारा पिंपं ठेवली, म्हणजे गाड्या हळू जातील आणि लोक उतरतील. आर्डिसने झेंडू लावले. दिसत होतं खरंच छान. फक्त कापणी सुरू झाली होती, हे नकाशावर कुठे लिहिलेलं नव्हतं. ऑरिनचा हार्वेस्टर रस्त्यावर आला आणि पहिल्या पिंपापाशी अडला. आता दुसऱ्या गावचा शेतकरी असता तर त्याने झेंडूसकट कापणी केली असती. ऑरिन खाली उतरला. बारा पिंपं त्याने एकेक करून बाजूला सरकवली, हार्वेस्टर पुढे नेला, परत चालत आला, बाराच्या बारा जागेवर ठेवली आणि झेंडू सुकलेले दिसले म्हणून पाणीही घातलं. हे त्याने रोज जाता-येता केलं. नवव्या दिवशी त्याची कंबर धरली.

“अरे, मला सांगायचं नाहीस का?” आर्डिस रडकुंडीला आली.

“छान दिसतायत पिंपं,” ऑरिन पालथा पडल्या पडल्या म्हणाला.

पुढे कळलं, की मुख्य रस्ता गावाचा नाहीच, राज्याचा आहे, आणि राज्याच्या रस्त्यावर झेंडू लावायला वेगळा अर्ज आहे. बाग पूररेषेत निघाली. सिनेमागृहाचा मालक सापडेना. एकेक प्रस्ताव गळत गेला आणि दुसऱ्या सभेला दोनच उरले, कॅफे आणि बीट.

“आता सोपं आहे,” प्रुइट म्हणाला. “प्रत्येक कामाला एक जबाबदार माणूस लागतो. बीटसाठी मेयरसाहेबांचे मेहुणे तयार आहेत.” मेहुणा परगावचा. फायबरच्या होड्या बनवायचा धंदा. पहिल्याच हाकेला हो म्हणाला होता. “आणि कॅफे? कोण चालवणार? आर्डिस, तुम्ही चालवाल का?”

याच क्षणासाठी बाईने एक्केचाळीस पानी अर्ज भरला होता.  तिने नजर खाली घातली, ब्लाउजची कॉलर नीट केली आणि आईने शिकवलेल्या सुरात म्हणाली, “छे छे! मला कुठलं जमतंय!”

आणि दुसऱ्या हाकेची वाट बघत थांबली.

“ठीक आहे,” प्रुइट म्हणाला आणि त्याने पान उलटलं.

आर्डिसला पहिल्यांदा कळलंच नाही. पान उलटल्याचा आवाज एवढा मोठा असतो, हे तिला पोस्टात असतानाही जाणवलं नव्हतं. तिने मान वर केली. या न्यू जर्सीच्या माणसाला काय ठाऊक, पण आपली माणसं आहेत ना! आता कुणीतरी म्हणेल, ‘अगं आर्डिस, असं काय करतेस, तूच चालव.’ गेरहार्ट म्हणेल. ऑरिन म्हणेल. निदान मर्टिस.

बाकीची पंचेचाळीस माणसं आपापल्या कपात बघत होती.

घरी जाऊन तिने ओव्हन घासला. स्वच्छ होता तरी घासला. “एकालाही वाटलं नाही, डेल्मर. एकालाही! मी काय केलंय या गावाचं? अठ्ठ्याण्णव साली बाक्क्यांचं एक पार्सल उशिरा दिलं, तेवढंच. तेही बर्फामुळे.” ओव्हनमध्ये डोकं असल्यामुळे तिचा आवाज घुमत होता आणि त्यामुळे दुःख आहे त्यापेक्षा मोठं वाटत होतं, हे तिच्याही लक्षात आलं. “साठी उलटलेली बाई मी, पडद्यांचं कापड आणून ठेवलंय कपाटात. कुणाला सांगू नकोस. निळ्या चौकड्यांचं.”

डेल्मरने टेबलावरची टोपी उचलली. त्याने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

“ट्रक बघून येतो,” तो म्हणाला.

तिसरी सभा ऑक्टोबरात झाली. बीट मंजूर होता. तो बघायला येणाऱ्यांच्या गाड्या लावायला जागा हवी, ती मुख्य रस्त्यावर एकच होती, कॅफेची. कॅफे पाडायचा होता. त्या कागदावर समितीच्या अध्यक्षांची सही लागत होती आणि अध्यक्ष कोण होतं, ते वर सांगितलंच आहे. स्वतःच्या हाताने स्वतःचं नाक कापायला अर्ज स्वतःच भरावा लागतो, हे आर्डिसला त्या दिवशी पटलं. तिने सकाळी उठून नेहमीसारखी किटली चढवली, नेहमीसारख्या वड्या केल्या. रुसून वड्या चुकवाव्या असंही मनात आलं होतं, पण हात ऐकेना.

“सही करण्याआधी कुणाला काही म्हणायचंय?” प्रुइटने विचारलं.

 सगळ्यांचे चेहरे अंत्यविधीला आल्यासारखे होते. बीट कुणालाच नको होता, हे तळघरातल्या खुर्च्यांनाही दिसत होतं. पण मेहुणा समोर बसला होता, त्याला वाईट वाटलं असतं. आर्डिसने पेन उचललं.

मागच्या रांगेत डेल्मर उठला. चौतीस वर्षांत सभेत त्याने ‘अनुमोदन’ या शब्दापलीकडे मजल मारली नव्हती. सगळ्यांना वाटलं बाथरूमला चाललाय, आणि गेरहार्टने काळजीने त्याच्याकडे बघितलं, कारण त्याचे परिणाम गेरहार्टला ठाऊक होते. पण डेल्मर सरळ टेबलापाशी गेला. ट्रेमध्ये वडीचा शेवटचा तुकडा होता. डेल्मरने तो उचलला आणि तोंडात टाकला. अख्खा.

मर्टिसच्या हातातून सुरी पडली.

“प्रुइटसाहेब,” तोंडातलं संपवून डेल्मर म्हणाला, “माझ्या बायकोला तुम्ही एकदाच विचारलंत.”

“आणि त्या नाही म्हणाल्या.”

“हो. एकदाच विचारलंत ना.” तो आर्डिसकडे वळला. “आर्डिस, कॅफे चालवशील?”

“डेल्मर, बस बघू खाली! कशाला उगाच.”

“हे झालं दुसरं,” डेल्मरने प्रुइटला सांगितलं. प्रुइटने गोंधळून वही उघडली.

मग डेल्मर थांबला. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. “तिसऱ्यांदा विचारण्याआधी एक सांगायला हवं. हे कुणी सांगत नाही म्हणून ही दाढ आपल्या डोक्यावर येऊन बसलीय. माफ करा मेहुणे, पण ती दाढच आहे.”

“मलाही वाटलंच होतं,” मेहुणा म्हणाला.

“आर्डिस, ट्रकला काही झालेलं नाही. कधीच नव्हतं. गॅरेजमध्ये माझी किटली आहे. रंगाच्या डब्यांमागे.”

 आर्डिसने आधी डेल्मरकडे बघितलं, मग गेरहार्टकडे. तो छताकडे बघत होता. मग तिची नजर ऑरिनवर जाऊन थांबली आणि तिला वेफर्सची मांडणी आठवली.

“ऑरिन, त्या सोमवारी पंपावर तू म्हणत होतास ती कॉफी…”

“आदल्या दिवशीची,” ऑरिन स्वतःच्या बुटांना म्हणाला. “इथली.”

“बावीस वर्षं?”

“गरम असते हं पण,” मर्टिस घाईघाईने म्हणाली. “ते खोटं नव्हतं.”

आर्डिसने समोरचा कप उचलला. आपणच केलेली कॉफी तिने परक्या बाईने प्यावी तशी तोंडात धरून ठेवली, थोडा वेळ विचार केला आणि गिळली. गरम होती. त्यापलीकडे तिच्याबद्दल खरोखरच काही म्हणता आलं नसतं.

“तुझ्या वड्या हव्यात,” डेल्मर म्हणाला. “तू गल्ल्यावर हवीस, सगळ्यांची विचारपूस करायला. ते निळ्या चौकड्यांचे पडदेही हवेत.” इथे आर्डिसने ‘सांगू नकोस म्हटलं होतं ना’ अशा नजरेने त्याच्याकडे बघितलं, पण आता तो थांबणार नव्हता. “कुणी दुसऱ्यांदा विचारलं नाही ते फक्त कॉफीच्या धाकाने. तुझी कॉफी वाईट आहे आर्डिस. पहिल्या दिवसापासून वाईट आहे. ती मी करीन. रोज पहाटे उठून करीन. आता तिसऱ्यांदा विचारतोय, आणि चौथ्यांदा कुणी विचारत नसतं. कॅफे चालवशील?”

“आता एवढं म्हणतोयस तर,” आर्डिस पुटपुटली.